शक्तिमानला नेहमी उशीर का व्हायचा?

मुकेश खन्ना यांनी दूरदर्शनवर दोन वेळा अचाट ताकदीचा माणूस रंगवला. 1988 ते 1990 या काळात बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’ मालिकेत ते भीष्म होते आणि 13 सप्टेंबर 1997 पासून शक्तिमान झाले. आम्हा पोरांना या दोघांत काही नातं दिसत नव्हतं. अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या आज्जीला मात्र दिसायचं. शक्तिमान गरगरा फिरत पडद्यावर उतरला, की ती सुपारीचं खांड या गालातून त्या गालात सारत म्हणायची, “आला बगा भीष्म. आजबी उशिराच.”

हे ‘आजबी उशिराच’ आम्हाला झोंबायचं, कारण ते खरं होतं. पंचमहाभूतांची ताकद अंगी असलेला, कुंडलिनी जागी झालेला हा माणूस डोळ्याचं पातं लवायच्या आत कुठेही पोचू शकतो. मग संकट पार गळ्याशी येईपर्यंत तो असतो कुठे? अवजड वाहनं लीलया थोपवणारा गडी खलनायक किल्विषच्या किरकोळ हस्तकापुढे एवढा वेळ का झुंजतो? त्यानं घेतलेल्या गंगाधरच्या सोंगातला चष्मा आणि पुढे आलेले दात एवढ्यावर गीता विश्वाससारखी बातमीदार बाई कशी फसते? आम्हाला हे प्रश्न पडत नव्हते असं नाही. पडायचे आणि त्यांची उत्तरंही आमच्याकडे असायची, कारण ती उत्तरं रचणं हाच आमचा आठवडाभराचा उद्योग होता.

त्या उद्योगाला आम्ही राहायचो त्या नांदेडच्या लाईटची मोठीच मदत झाली. रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला एक तर लाईट जायची, नाहीतर असली तरी पडद्यावर मुंग्या असायच्या. एकानं गच्चीवर अँटेना फिरवायची, दुसऱ्यानं जिन्यात उभं राहायचं आणि तिसऱ्यानं टीव्हीपाशी बसून “आलं, आलं... गेलं, थोडं गुरुद्वाऱ्याकडं कर” असं ओरडायचं. एवढं करून जो भाग दिसायचा तो तुकड्यातुकड्यांनी. उरलेला सोमवारी शाळेत मिळायचा. चौफाळ्यातल्या पोराकडे लाईट होती तर तरोड्यातल्याकडे नव्हती, वजिराबादवाल्याला शेवट माहीत तर इतवाऱ्यातल्याला सुरुवात. सांगणारा बघितलेलं सांगायचा आणि न बघितलेलंही सांगायचा. प्रार्थना ते पहिला तास एवढ्यात अख्खा भाग जुळवून व्हायचा आणि तो दूरदर्शनवर दाखवलेल्यापेक्षा बहुधा जास्त तर्कशुद्ध असायचा.

यातून एक गंमत झाली. मागच्या भागात मेलेला माणूस या भागात हिंडताना दिसला किंवा आधी निकामी ठरलेली शक्ती अचानक चालायला लागली, तर ती मालिकेची गफलत आहे असं आमच्या मनातही यायचं नाही. लाईट गेली तेव्हा काहीतरी दाखवलं असणार, आपलंच हुकलं, असं आम्ही धरून चालायचो. लेखकानं कथेत ठेवलेलं भोक आणि वीज गेल्यानं पडलेलं भोक यांत फरक करायची सोयच नव्हती. दोन्ही बुजवायचं काम आमच्याकडेच होतं.

सुट्टीत आजोळी, आज्जीकडे गेलं की तंत्र बदलायचं. तिथं लाईटचा भरवसाच नव्हता, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी ओसरीत आणायची. चौदा इंची ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीच्या वायरला दोन चिमटे लावलेले होते. लाल कुठं आणि काळा कुठं हे ठरवायचा अधिकार फक्त मामाचा. बॅटरी उतरत आली, की चित्र चारी बाजूंनी आत आत सरकायचं आणि शक्तिमान बारीक होत जायचा. त्याची ताकद भागागणिक कमीजास्त का होते याचं एक उत्तर आम्हाला असं डोळ्यांदेखत मिळालं होतं.

रात्री सगळी जण अंगणात बाजा टाकून झोपायची. घराला जाड मातीचं माळवद होतं आणि किल्लारीच्या भूकंपानंतर त्याखाली निजायची आज्जीची हिंमत नव्हती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री थकून झोपलेली माणसं असल्याच माळवदांखाली आणि दगडी भिंतींखाली गेली होती. एका सुट्टीत शेजारी औसा तालुक्यातून एक पोरगं पाहुणं आलं होतं. आमची शक्तिमानाची वाखाणणी त्यानं मुकाट ऐकली आणि विचारलं, “मग किल्लारीला का म्हून आला न्हाई?” सगळे गप्प झाले. थोड्या वेळानं माझा मामेभाऊ म्हणाला, “तवा त्यो सुरूच झाला नव्हता. सत्त्याण्णवला आलाय त्यो.” त्या पोरानं मान हलवली. उत्तर त्याला पटलं होतं. कथेतल्या तारखा जुळवण्यात जगभरचे चाहते रात्री जागवतात. पण गप्प बसलेल्या एका पोराला पटेल असा खुलासा देण्याची पाळी त्यांच्यातल्या किती जणांवर आली असेल?

हा खेळ सगळीकडे खेळच राहिला नाही. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या त्या काळी वर्तमानपत्रांत आल्या, गदारोळ झाला आणि असलं काही करू नका हे पडद्यावरून सांगायची वेळ मुकेश खन्नांवर आली. ताकदीची हद्द कथेत सांगितलेली नसली, की लहान मूल ती स्वतः आखतं आणि फार लांबवर आखतं.

आज्जीच्या गोष्टीत ही हद्द आधीच आखलेली असायची. हिरण्यकशिपूला दिवसा मरण नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. म्हणून संध्याकाळ आणि उंबरठा. रावणानं वर मागताना माणसाला जमेत धरलं नाही, म्हणून मारायला माणूसच आला. भस्मासुराचा हात ज्याच्या डोक्यावर पडेल तो भस्म होणार, मग तो हात त्याच्याच डोक्यावर जावा एवढीच युक्ती विष्णूला करायची होती. वर मोठा, पण त्यातली फट सुरुवातीलाच सांगून ठेवलेली. ऐकणाऱ्याचं लक्ष सगळं त्या फटीकडे. भीष्माचंही तसंच: इच्छामरण आहे, पण शिखंडीवर शस्त्र उचलणार नाही हे आधीच ठरलेलं. शिखंडी पुढे आला, धनुष्य खाली आलं, अर्जुनाचे बाण लागले. तेव्हा “असं कसं?” म्हणायला कुणालाही जागा नव्हती. शक्तिमानाबद्दल आज्जीची तक्रार एवढीच होती, की “ह्याला कुणी काय दिलंय आन् काय न्हाई दिलं, त्ये एकदा नीट सांगा की.”

पुढे नांदेडच्या वाचनालयात जयंत नारळीकर हाती लागले तेव्हा आज्जीची अट तिथं पाळलेली दिसली. नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली होती. आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. पहिलं बक्षीस त्या जगतापांनाच मिळालं. त्यांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’त मोबियस पट्टीच्या पिळाची कल्पना आहे. पिळातून गेलेला माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा होऊन येतो. एकदा हे मानलं, की लेखकाला सुटका नाही: उजव्या हाताचा माणूस डावखुरा होणार आणि गणपतीची सोंडसुद्धा फिरणार. एकच अशक्य गोष्ट मागून घ्यायची आणि पुढचं सगळं तिच्या हिशेबानं चालवायचं. त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह वाचून परत केला त्याच आठवड्यात मी ‘कॅप्टन व्योम’चा एक भाग बघितला आणि त्यातल्या मिलिंद सोमणवर निस्सीम भक्ती असूनही पहिल्यांदा मनात हिशेब करायला लागलो.

परदेशी मालिकांकडे ही शिस्त होती असंही नाही. 1980 च्या दशकात दूरदर्शननं दाखवलेली ‘स्टार ट्रेक’ मूळ 1966 ची. तिच्यातलं माणसाला इथून विरघळवून तिथं उभं करणारं यंत्र जन्मलं ते पैशाच्या अडचणीतून. दर भागात यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडण्यासारखं नव्हतं. मग त्या यंत्रानंच लेखकांची गोची केली. संकटातून कुणालाही क्षणात वर ओढून घेता येत असेल तर गोष्ट संपली. म्हणून ते यंत्र भागाभागाला बिघडायचं, कधी वादळानं, कधी कुठल्याशा किरणांनी. शक्तिमानाला उशीर व्हायचा तो याच कारणानं. तो वेळेवर आला असता तर अर्ध्या तासात दाखवायचं काय?

एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत दूरदर्शननं ‘शक्तिमान’ पुन्हा लावलं. ‘महाभारत’ही त्याच दिवसांत चालू होतं. मी माझ्या भाच्याला घेऊन बसलो. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. लाईट गेली नाही, मुंग्या आल्या नाहीत, एकही भाग बुडाला नाही. आणि सलग बघताना मला पहिल्यांदा कळलं, की आमच्या आठवणीतली मालिका बरीचशी शाळेच्या मैदानावर तयार झालेली होती. आम्ही पक्के जोडलेले दुवे पडद्यावर नव्हतेच. भाचा कंटाळला नाही, त्यानं फक्त विचारलं, “मामा, हा उडत येऊ शकतो तर एवढा वेळ गंगाधर बनून का बसतो?” मी तोंड उघडलं आणि 1998 सालचं उत्तर आपोआप बाहेर आलं.

तोच भाचा दहावीनंतर लातूरला नीटच्या तयारीला गेला. तिथल्या ट्यूशन एरियात नांदेडची, परभणीची, बीडची पोरं भरलेली. सकाळी फिजिक्स, दुपारी बायोलॉजी, रविवारी टेस्ट. या पिढीच्या हाती आमच्यासारखी आज्जीची फूटपट्टी नाही, ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आहे. त्यांचे सवाल कडक असतात. ‘स्टार वॉर्स’मध्ये 1999 साली क्वाय-गॉन पोटात प्रकाशतलवार गेल्यावर मेला. 2022 च्या ‘ओबी-वान केनोबी’त ग्रँड इन्क्विझिटर तशाच वारातून उठून परत येतो, रेव्हाही वाचते. 2023 च्या ‘अहसोका’त सबीनच्या पोटातून तलवार आरपार जाते आणि पुढच्या भागात ती बरी होते. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली इलेव्हन पहिल्याच पर्वात नजरेच्या जोरावर गाडी हवेत उडवते, तिसऱ्याच्या शेवटी शक्ती गमावते, चौथ्यात परत मिळवते. “कथेला अडचण होते तेवढ्या वेळापुरती जाते तिची पॉवर,” भाचा म्हणतो, आणि त्याला खोडून काढणं अवघड आहे.

त्याच्याशी वाद घालताना मला ‘महाभारता’तलाच दुसरा एक प्रसंग आठवला. द्यूतसभेत द्रौपदीला ओढत आणतात आणि त्या सभेतला सगळ्यांत बलाढ्य माणूस जागेवरून उठत नाही. ताकद आहे, वेळेवर हजरही आहे, आणि काहीच करत नाही. आजच्या हिशेबानं कथेतली ही केवढी मोठी गफलत. पण तिथं द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारते आणि भीष्माला, धर्म सूक्ष्म असतो असं म्हणून अडखळावं लागतं. उत्तर कुणाचंच समाधान करत नाही. तरी हजारो वर्षं कुणी ते भोक बुजवलं नाही, उलट कीर्तनकार मुद्दाम तिथंच थांबतात. शक्तिमानाला उशीर झाला तर त्या मालिकेत त्याला जाब विचारणारं कुणी नव्हतं. सबीन कशी वाचली हे तिच्या सोबत्यांपैकी कुणाला विचारावंसं वाटत नाही. कथेतल्या माणसांना जो प्रश्न पडत नाही, तो प्रेक्षकांनाच विचारावा लागतो. आम्ही तो मैदानावर विचारत होतो, ही पोरं मेसमध्ये विचारतात.

गेलं ते आठवड्याचं अंतर. आता एक भाग संपला, की काही सेकंदांत दुसरा आपोआप सुरू होतो. तेवढ्यात कोण कुणाला काय विचारणार? आम्ही सहा दिवस एकाच गाठीशी खेळलो म्हणून ती सुटायची. तेव्हाच्या मालिका शहाण्या होत्या असं म्हणण्यात अर्थ नाही, सवड मात्र भरपूर होती.

पण लातूरच्या त्या होस्टेलनं हे अंतर नकळत परत आणलंय. तिथं मोबाईल आठवड्यातून एकदाच, रविवारी टेस्टनंतर, घरी बोलण्यापुरता मिळतो. त्यामुळे दिवाळीला घरी जाऊन आलेला एखादा पोरगा अख्खं पर्व बघून येतो आणि रोज रात्री मेसमध्ये थोडं थोडं सांगतो. न बघितलेलंही सांगत असणार. सबीनचा निकाल त्यांनी तिथंच लावला: तलवारीच्या उष्णतेनं रक्तवाहिन्या जागच्या जागी डागल्या गेल्या, रक्तस्राव झाला नाही, यकृत आणि महाधमनी थोडक्यात हुकली. मग क्वाय-गॉन का मेला? त्याची महाधमनी हुकली नाही. भाच्यानं मला हे फोनवर ऐकवलं आणि वर गुणही वाटून टाकले: उत्तराचे अधिक चार आम्हाला, प्रश्न न विचारल्याचा उणे एक मालिकेला.