त्रेपन्न कसे लिहायचे?

२०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेपन्न’च्या जोडीला ‘पन्नास तीन’ छापून आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. मराठी बुडाली, इथपर्यंत बोलून झालं. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर मात्र शांतपणे मुलांची अडचण समजावून सांगत राहिल्या.

१९६४मध्ये मुंबई विद्यापीठाचं एम.ए.चं सुवर्णपदक, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम, केंब्रिजमधलं अध्यापन, मग संसार आणि मुली सांभाळत १९८१मध्ये पीएच.डी. विषय संख्या सिद्धांतातला. दोन ठेवून त्याच्या पुढच्या पटी, तीन ठेवून त्याच्या पुढच्या पटी असं गाळत गेलं की मूळ संख्या उरतात. शाळेत भेटणाऱ्या या चाळणीचाच तो फार पुढचा अभ्यास. एवढ्या उंचीवर काम केलेल्या बाईंनी ‘गणिताच्या सोप्या वाटा’ लिहिलं आणि दुसरीतल्या मुलाच्या वहीत डोकावून पाहिलं.

ठाकुर्लीत माझ्याकडे संध्याकाळी गणिताला येणाऱ्या मुलांत कुणाच्या घरी कानडी असते, कुणाच्या घरी भोजपुरी. ‘त्रेपन्न’ म्हटलं की कुणीतरी ३५ लिहितंच. कानावर तीन आधी पडतात, लिहायचे मात्र पाच आधी. त्यात एकोणसाठ म्हणताना साठ ऐकू येतात आणि दशकात पाच मांडायचे! कानडीत ‘ऐवत्तमूरु’ म्हणजे सरळ पन्नास-तीन. त्या मुलाला संख्या कळलेली असते, अडतं ते नावापाशी. आणि तिथेच त्याच्यावर ‘गणितात कच्चा’ असा शिक्का बसतो.

जुन्या नावांनी म्हटलेल्या पाढ्यांचा ठेका मलाही प्रिय आहे. शेजारच्या बावन्न चाळीला कुणी ‘पन्नास दोन चाळ’ म्हणू नये, असंच मला वाटतं. पण पुस्तकाने जुनी नावं काढली नव्हतीच. शेजारी आणखी एक वाट दिली होती. मूल दशक-एकक पक्कं करून त्रेपन्नाकडे आलं, तर मराठीचं काहीच बिघडत नाही.

मंगलाताई १७ जुलै २०२३ रोजी गेल्या. गणितातलं अस्सल गणित कोणतं आणि नुसती सवय कोणती, हे ज्याला खोलवर कळलंय तोच मुलाच्या पाठीवरचं नको ते ओझं उतरवू शकतो. म्हणून आपल्या कॉलेजांतल्या गणिताच्या प्राध्यापकांनी जवळच्या पालिकेच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात जाऊन बसावं. मुलं कुठे अडतात ते त्यांनी पाहावं आणि पुढची पुस्तकं तिथून लिहावीत.