नल आला

रात्रीचे साडेदहा वाजले होते. पलंगावर पडून मी सकाळचं शब्दकोडं रात्रीच्या बुद्धीने सोडवत होतो. एवढ्यात आतल्या खोलीतून आमची कन्या ओरडली, "आई गं! परत नल आला!"

आमची ही ताडकन उठली. आमच्या भागात पाणी येतं ते पहाटे पाचला, तेही लाजत लाजत. ते रात्री साडेदहाला आणि वर 'परत' आलंय म्हटल्यावर तिने बादली, कळशी आणि मी, या क्रमाने सगळ्यांना स्वयंपाकघरात ओढलं. नळाने एक दीर्घ सुस्कारा टाकला, बस्स.

"अगं नळ नाही, नल! जावातला नल!"

जावा म्हटलं की मला काकांची मोटरसायकल आठवते. पण ही जावा निराळी. कन्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सकाळी दहाला तिच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होती. विषय, चेकबुक मागणीचा अर्ज. बाबा बँकेत आहेत म्हणजे विषय सोपाच असणार, असा तिचा (आणि बहुतेक सगळ्या जगाचा) समज. अर्ज भरून बटण दाबलं की माहिती आतल्या जावा प्रोग्रामकडे जायला हवी. नाव जात होतं, पत्ता जात होता. खाते क्रमांकाच्या जागी मात्र नल. म्हणजे शून्य नव्हे. शून्य हा निदान आकडा तरी असतो. नल म्हणजे काहीच आलं नाही.

ही नलाची कल्पना १९६५ साली टोनी होअर या इंग्रज संगणकशास्त्रज्ञाने काढली, आणि आपली ही चूक अब्ज डॉलरला पडली असं २००९ साली त्याने स्वतःच भर व्याख्यानात कबूल केलं. माझ्या कॅशमध्ये एकदा साडेचारशे रुपये कमी आले होते, तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. मोठी माणसं ती मोठीच.

"मला समजावून सांग," मी म्हणालो. मला समजेल म्हणून नव्हे, दुसऱ्याला सांगताना आपली चूक आपल्याला सापडते म्हणून. आमच्याकडे ऑडिटर आला की हाच अनुभव येतो.

तिने सांगितलं ते असं. पडद्यावरचं पान म्हणजे टेम्प्लेट, आपला छापील फॉर्म. हिच्या टेम्प्लेटचं नाव थाइमलीफ, म्हणजे एक विलायती पाला. फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला एक नाव असतं. बटण दाबलं की ब्राउझर 'नाव बरोबर मजकूर' अशा जोड्या बांधून आत पाठवतो. गेट पद्धतीने पाठवलं तर सगळं पत्त्याच्या शेपटीला, प्रश्नचिन्हाच्या पुढे लटकतं. पोस्टकार्डच म्हणा ना, येणाराजाणारा वाचतो. पोस्ट पद्धतीने पाठवलं तर पाकिटाच्या आतून जातं. आतला जावा ते नावाने हाक मारून घेतो. आणि येतं ते सगळं अक्षरांच्या रूपात. पाच हजारसुद्धा आधी नुसती अक्षरं असतात, त्यांचा आकडा नंतर करायचा. कोणी रकान्यात 'पाच हजार फक्त' असं लिहिलं, तर जावा आमच्या साहेबांसारखा जागच्या जागी भडकतो.

मी चष्मा पुसला आणि दोन्ही कागद, म्हणजे दोन्ही पडदे, शेजारी शेजारी लावायला सांगितले. पंचवीस वर्षं सह्या ताडून पाहिलेली नजर ही! टेम्प्लेटमध्ये खाते क्रमांकाच्या नावातली सगळी अक्षरं लहान होती. जावात मधला 'के' मोठा.

"हे एकच नाव आहे का?"

कन्येने कपाळावर हात मारला. जावाच्या लेखी ती दोन परकी माणसं.

"पण मग त्याने तक्रार कशी केली नाही?"

"केली होती. चारशे नंबरची एरर येत होती. म्हणून मी तो रकाना 'आवश्यक नाही' करून टाकला."

तक्रार थांबली, चूक तशीच राहिली. पोर सरकारी नोकरीत नाव काढील, असं मनात आलं.

'के' लहान झाला आणि खाते क्रमांक सुखरूप पोचला. मी विजयी मुद्रेने उठणार, एवढ्यात फॉर्मच्या तळाशी एक चौकोन दिसला, 'मला एसएमएस सेवा हवी आहे.'

"आणि इथे खूण केली नाही तर? 'नाही' असं जातं?"

"काहीच जात नाही, बाबा. खूण केली तरच जातं. रिकामा चौकोन म्हणजे माणूस नाही म्हणाला की त्याला विचारलंच नव्हतं, हे जावाला कळत नाही. म्हणून थाइमलीफ त्याच्यामागे एक लपलेली चिठ्ठी जोडतो, की चौकोन पानावर होता बरं का."

"आणि चिठ्ठी नसली तर?"

"तर डिफॉल्ट व्हॅल्यू. ती प्रोग्राम लिहिणारा आपल्या मनाने आधीच ठरवून ठेवतो." ती जरा थांबली. पडद्याकडेच बघत म्हणाली, "तुम्ही माझ्या बँक परीक्षेच्या क्लासची फी भरलीत ना, तशी."

बारा हजार रुपये. गेल्याच महिन्यात, रविवारची बॅच. पावती आणून दिली तेव्हा ती काही बोलली नव्हती. काही बोलली नाही म्हणजे हो, असं मी धरून चाललो. माझे वडीलही असंच धरून चालले होते, आणि मी बी.कॉम. झालो.

"मग तेव्हाच नाही म्हणायचंस!"

"चौकोन रिकामा होता, बाबा. तुम्ही बघितलाच नाहीत."

यावर काय बोलणार? मी घशाखालचं ढकललं आणि विचारलं, "मग तुला काय हवंय?" वीस वर्षांत हा प्रश्न मी बहुधा प्रथमच तिच्या बाबतीत, आणि तिलाच विचारला असावा. उत्तर पाऊण तास चाललं. त्यातलं निम्मं मला समजलं नाही, पण नल आला नाही एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा झकास झाली. मी अर्धी रजा टाकून क्लासवर गेलो. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म उलटा करून शेवटची बारीक ओळ दाखवली. एकदा भरलेली फी परत मिळणार नव्हती. खाली सही माझीच. पंचवीस वर्षांची नजर!

घरी आलो तर कन्या दारातच. "काय झालं बाबा?"

"नल," मी म्हणालो.

आतून लगेच बादलीचा आवाज आला.