निऱ्यांचा दिवा

स्टुलावर चढलो, सवयीने हाताला फडकं गुंडाळलं आणि बल्बला हात घातला. तासभर जळत असलेला एलईडी. फडक्याची गरजच नव्हती. वरचा दुधी घुमट जेमतेम कोमट. तापली होती ती मान, होल्डरजवळची. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बखाली ज्यांचा अभ्यास, लग्न आणि निम्मं आयुष्य झालं, त्यांना हे पचायला जड जातं. त्या बल्बला मिळालेल्या विजेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग तो नुसता तापण्यात घालवायचा. उजेड हा त्याचा जोडधंदा. त्याच्याजवळ कागद नेला की आधी वास, मग तपकिरी डाग, मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज.

नऊ वॅटचा हा नवा बल्ब कागद खपवून घेतो. आणि त्याला कागद हवाच. आमच्या सारंगखेड्यात सध्या घरोघरी जो पांढराफेक उजेड आहे, त्यात ताटातली डाळसुद्धा आजारी दिसते.

म्हणून ड्रॉईंग पेपरचे दोन ताव जोडून लांब पट्टा केला. दिवाळी होऊन गेली होती, त्यामुळे कामट्या, पतंगी कागद, खळ, झिरमिळ्या यांतलं काही नको होतं. नुसत्या घड्या. पट्टीने सारख्या अंतरावर रेघा आखायच्या, एक घडी वर, एक घडी खाली, आणि प्रत्येक घडीवरून स्टीलच्या चमच्याची पाठ दाबून फिरवायची. नऊवारीच्या निऱ्या धरताना आजीची बोटं जशी आपोआप माप घ्यायची, तसं काहीतरी विसाव्या-पंचविसाव्या घडीनंतर आपल्या बोटांतही येतं. मग सगळ्या निऱ्या एकत्र दाबून वरचं चार बोटांचं टोक तिरपं दुमडायचं, पुढे आणि मागे, आणि पट्टा उघडायचा. आता त्या तिरप्या रेघेच्या वर जे उंचवटे आहेत ते बोटाने आत ढकलून खोलगट करायचे. पहिले दोन-तीन हटून बसतात. पुढचे आपण होऊन मागोमाग येतात. वरचा भाग आत झुकतो, कागद खांदे काढतो. भोकं पाडून दोरा ओवला, टोकं चिकटवली, की शेड उभी. वरचं तोंड उघडं ठेवायचं, कारण ती तापलेली मान.

आई येऊन म्हणाली, “हाई काय शे?” मी म्हटलं, दिवा. ती म्हणाली, बल्ब होताच की.

डेन्मार्कमधल्या एका वास्तुरचनाकाराने हेच केलं होतं, रॉकेलच्या दिव्यावर. पी. व्ही. येन्सन-क्लिंट. विसावं शतक नुकतंच उजाडत होतं. स्वतः बनवलेल्या दिव्याला शेड हवी म्हणून त्याने कागदाला निऱ्या घातल्या. पुढे घरातलेच लोक हौसेने त्या शेड दुमडू लागले आणि 1943 मध्ये त्याच्या एका मुलाने या शेडचा व्यवसाय काढला. तो अजून चालतो, आणि घड्या अजून हाताने घालतात. याच माणसाने कोपनहेगनमध्ये लाखो पिवळ्या विटांचं एक प्रचंड चर्च आखलं. त्याची दर्शनी भिंत फोटोत पाहिली तर तीही उभ्या निऱ्यांचीच आहे. माणसाला एकच गोष्ट आवडत असली म्हणजे ती तो कागदात करतो, नाही तर विटेत.

कागद मात्र मला पुरता भरवशाचा वाटत नव्हता, कारण चुण्या घालून दिव्याला बांधलेली वस्तू जळताना मी लहानपणी पाहिली होती, यात्रेतल्या गॅसबत्तीत.

आमची यात्रा मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीची, एकमुखी दत्ताची. घोड्यांचा बाजार म्हणून ती बाहेर माहीत. राजस्थान, पंजाब, गुजरातकडून घोडे येतात. आता तिला चेतक फेस्टिव्हल असंही नाव मिळालंय आणि रात्री फ्लडलाइटने मैदान धुऊन निघतं. मी म्हणतोय ते त्याआधीचं. तापीवरून गार वारा यायचा आणि दुकानादुकानांतून बत्त्यांचा सूं आवाज. आजोबांच्या ओळखीच्या एका दुकानदाराकडे बत्ती पेटवताना बघायला मी हटकून बसायचो. त्याच्याकडे एक चपटी कागदी पुडी असायची. तिच्यात घडी घालून ठेवलेली जाळीची पिशवी: मॅन्टल. तो ती उलगडायचा, चिनी मातीच्या तोंडावर ठेवून दोऱ्याने बांधायचा, चुण्या सारख्या करायचा. नवी पिशवी इतक्या निगुतीने बांधून तो तिला पेटवून द्यायचा. ती काळी पडून आक्रसायची, मग पांढरी राख व्हायची, पण आकार तसाच. मग पंप. राखेची पिशवी फुगायची आणि एकदम असा उजेड पडायचा की समोरच्या रेवड्या मोजता याव्यात.

जळून गेलेली वस्तू उजेड देते, हे मला तेव्हा अजिबात कळलं नव्हतं. जळायचं ते कापड. उरायची ती त्यात भिजवलेल्या क्षारांची राख. शंभरात नव्याण्णव भाग थोरियमचं ऑक्साइड, एक भाग सेरियमचं. हे प्रमाण ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखने 1891 च्या सुमाराला बसवलं. थोरियम किरणोत्सारी, आणि आमचा दुकानदार पुडी खिशात घालून हिंडायचा, विड्याच्या पानांसोबत. ती राख बोट लागलं तरी ढासळायची. बत्ती हलवायची तर तो दोन्ही हातांनी उचलून, श्वास रोखून चालायचा, आणि गर्दी त्याला वाट द्यायची. पुढाऱ्यांनाही तेवढी वाट मिळत नसे.

त्या उजेडात घोडे मात्र दाखवू नयेत, असं आजोबांचं मत. कुमैत आणि काळा यांत फरक राहत नाही, अबलखाचे ठिपके भडक दिसतात, आणि पंचकल्याणीचे चार पाय व कपाळ खरंच पांढरे की रंगवलेले, हे सकाळी नऊ वाजताच कळतं. मानेवरची देवमण बघायची तर उन्हातच. आजोबांनी स्वतः घोडा कधी घेतला नाही. ते बैलवाले. बैलाचा सौदा त्यांना प्रिय, कारण त्यात बोलावं लागत नाही: दलाल हातावर रुमाल टाकतो, दोघांचे हात आत, आणि बोटं दाबून आकडे चढतात-उतरतात. भोवती वीस माणसं उभी असतात आणि भाव एकालाही कळत नाही. किती बोटं म्हणजे हजार आणि किती म्हणजे शेकडा, हे त्यांनी मला दोनदा समजावलं होतं, रुमालाशिवाय. घोड्यांचे आकडे आता लाखांत, कधी कोटींत, वर्तमानपत्रात फोटोसकट छापून येतात.