कूस बदलणं

अरुणा शानभाग हळदीपूरची. म्हणजे होन्नावर तालुक्यातली, आपल्याच उत्तर कन्नड जिल्ह्यातली. नर्स होऊन मुंबईच्या केईएममध्ये लागली. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेली. मधली एक्केचाळीस वर्षं खाटेवर.

कोर्टकज्जा सगळ्यांना माहीत असतो. मला मात्र कोर्टापुढे आलेली एक बारकी नोंद सोडत नाही: इतक्या वर्षांत तिच्या अंगाला अंथरुणाची एकही जखम झाली नव्हती. आपोआप होत नाही हो असं. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. ओलं झालेलं लगेच बदलायचं, तोंड पुसायचं, हातपाय हलवून सांधे मोकळे ठेवायचे. भरवताना डोकं उंच, नाहीतर घास फुप्फुसात जातो. तिला मासळीचं सूप आवडायचं म्हणे. आपण नाक मुरडू, पण तिला काय आवडतं हे कुणीतरी ओळखून ठेवलं होतं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, हात थांबले नाहीत. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, तिच्या मरणासाठी अर्ज करणाऱ्या लेखिकेपेक्षा हे कर्मचारीच तिचे खरे जवळचे, असं म्हटलं.

इथे कुंभारवाड्यात माझ्या धाकट्या जावेचा मुलगा मोटारसायकलवरून पडून दोन वर्षं तसाच आहे. डोळे उघडतो, पण बघत नाही. बघायला येणाऱ्या बायका बाहेर पडवीत हळूच विचारतात, "सल्लेखना का देत नाहीत?"

अहो, सल्लेखना देत नाहीत, घेतात. शुद्धीत, स्वतःच्या इच्छेने, गुरूंच्या आज्ञेने. अरुणा गेली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्या असं ठरवलं, तेव्हा समाजाने गावोगाव मूक मोर्चे काढले. महिना संपायच्या आत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, असं आपणच ठासून सांगत होतो ना? मग ज्याला बोलता येत नाही त्याचं पडवीत कसं ठरवता? उपचार थांबवायचे की नाहीत, हा प्रश्न खोटा नाही. २०१८ पासून आपली इच्छा आधी लिहून ठेवायची सोयही कायद्याने झाली आहे. पण तो विचार डॉक्टर आणि आईबापांनी करायचा. त्याने काही लिहून ठेवलेलं नाही. एकविसाव्या वर्षी कोण लिहितं?

जाऊ मला एवढंच म्हणाली, "अक्का, ओळखतो का म्हणून विचारू नका म्हणावं त्यांना. त्यापेक्षा तासभर बसा, मी आंघोळ करून घेते."

म्हणून आम्ही वार वाटून घेतलेत. बुधवार आणि शनिवारची रात्र माझी. एकटीने ओढलं की कातडी सोलते. दोघी असलो की खालची चादर दोन बाजूंनी धरून अलगद वळवता येतं. शुक्रवारला अजून कुणी नाही.