मागची टाच

पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणारे नोकरदार निघून गेले की नाशिकच्या जेल रोडवरच्या आमच्या इमारतीचा जिना ओस पडतो आणि टीव्हीवर किकबॉक्सिंगच्या व्हिडिओतले माझे मास्तर हजर होतात. 40 सेकंद जॅब-क्रॉस, 20 सेकंद दम खायचा. मग बैठका, मग फ्रंट किक, मग डंबेल्स. माझे डंबेल्स म्हणजे पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या. उड्या मी गाळते, कारण खालच्या मजल्यावर माणसं राहतात.

हा सगळा काला तीन ठिकाणांहून आलाय. न थांबता एका व्यायामावरून दुसऱ्यावर जायची सर्किटची पद्धत 1953च्या सुमारास इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अ‍ॅडमसन यांनी बसवली. किकबॉक्सिंग साठच्या दशकातलं, जपानमधलं. कराटे आणि थाई बॉक्सिंग यांच्या मिश्रणातून झालेलं. आणि टीव्हीपुढे व्यायाम करायची सवय जगाला लावली ती जेन फोंडाच्या 1982च्या कॅसेटने. आमच्या आईच्या पिढीतल्या बायकांना तालमीची पायरी चढणं ठाऊकच नव्हतं. दार लावून, ओढणी बाजूला टाकून, कुणाचीही नजर नसताना हातपाय झाडता येणं ही त्यामुळे मला फार मोठी सोय वाटते. पडद्याचे हे उपकार मी नाकारणार नाही.

पण नजर नसण्याची दुसरीही बाजू आहे. मास्तर दर दोन मिनिटांनी ‘शाब्बास, जमतंय!’ असं इंग्रजीत ओरडतात. तेव्हा मी बऱ्याचदा कुकरखालचा गॅस बारीक करायला गेलेली असते. अशी फुकटची शाबासकी कानाला गोड लागते, शरीराला तिचा काडीचा उपयोग नाही.

आमचे सासरे प्रेसमधून निवृत्त झालेले. तरुणपणी तालमीत जाणारे. पेपर वाचता वाचता एकदा म्हणाले, “अगं, मागची टाच जमिनीला चिकटलीय तुझी. कंबर फिरणार कशी?”

मी म्हटलं, “बाबा, हे बॉक्सिंग आहे, कुस्ती नाही.”

“पाय तेच ना? आणि ती चटई आधी काढ.”

बरोबर होतं त्यांचं. क्रॉसचा ठोसा मुठीत तयार होत नाही. मागच्या पायाच्या चवड्यावर भार घेऊन टाच बाहेर वळते, तिच्यामागे कंबर, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी मूठ. राउंडहाऊस किकमध्ये तर ज्या पायावर उभं राहायचं तो चवड्यावर फिरलाच पाहिजे, नाहीतर पीळ गुडघ्याला बसतो. योगासनांची रबरी चटई घामेजलेला तळवा धरून ठेवते, फिरू देत नाही. मास्तरांच्या पायात बूट, खाली लाकडी फरशी. माझ्या पायाखाली काय आहे हे त्यांना कसं कळावं? तालमीतल्या वस्तादाने मात्र ते पहिल्याच दिवशी हेरलं असतं.

नुसतं बघून शिकता येत नाही, असं मात्र निदान नाशिककरांनी तरी म्हणू नये. मल्लखांबाचे आद्य गुरू बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे. निजामाकडच्या अली आणि गुलाब या पहिलवानांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं, तेव्हा बाळंभटदादा आमच्याच जिल्ह्यातल्या वणीच्या सप्तशृंग गडावर गेले आणि तिथे वानरांच्या चपळ हालचाली पाहून त्यांना डावपेच सुचले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. भाविक म्हणतात, साक्षात मारुतीनेच शिकवलं. कसंही असो, गड उतरल्यावर त्यांना अलीसमोर उभं राहावं लागलं. टाच कुठे चिकटते हे तिथे प्रतिस्पर्धी सांगतो, तेही पाठ लावून!

आणि शाबासकीचंच म्हणाल तर, आमच्या घरापासून टाकळी काही लांब नाही. समर्थ रामदासांनी तिथे 12 वर्षं तप केलं आणि नंदिनी-गोदावरीच्या संगमावर रोज 1200 सूर्यनमस्कार घातले, असं सांगतात. मला 12 घालतानाच धाप लागते. पण संगमावरच्या त्या व्यायामाला घड्याळही नव्हतं आणि ‘शाब्बास’ म्हणणारंही कुणी नव्हतं, ही गोष्ट मला त्या आकड्यापेक्षा मोठी वाटते.

मी व्हिडिओ सोडलेला नाही, सोडणारही नाही. चटई तेवढी गुंडाळून ठेवलीय, आणि टीव्हीचा आवाज कमी केलाय म्हणजे बाबांचं बोलणं ऐकू येतं. तुम्हीही सुरू करणार असाल तर घरातल्या कुणालातरी पहिले काही दिवस समोर बसवा, तालमीत गेलेलं माणूस असेल तर उत्तमच. आणि तुमचे गुडघे आधीच कुरकुरत असतील तर राउंडहाऊसच्या नादी लागण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.