तिसगावात न उघडलेले पान

विभागाच्या संकेतस्थळावर टिपणांचे पहिले पान आम्ही चढवले ते २००५ साली. नुकतेच रुजू झालो होतो, उत्साह दांडगा होता. विभागातल्या संगणकावर ते पान इतके देखणे दिसे की आमचे आम्हालाच कौतुक वाटे. आठवड्याने तिसगावाहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने त्याची छापील प्रत पुढे ठेवली. गावच्या नेट कॅफेत काढलेली. रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची नुसती खिचडी. मराठीचे एकही अक्षर नाही. "सर, हे वाचायचे कसे?"

दोष कॅफेचा नव्हता. त्या काळी पुष्कळशी मराठी पाने खास फॉन्टांत टंकलेली असत. पोटात रोमन चिन्हे, वर देवनागरीचे सोंग. फॉन्ट वाचकाकडे नसेल तर ब्राउझरने तो तात्पुरता उतरवून घ्यावा, अशी योजना. पण इंटरनेट एक्सप्लोररसाठी केलेली फॉन्टफाइल इतर ब्राउझरांना उमगत नसे. ती परीक्षा तिने आमच्या टिपणांविनाच दिली.

पुढे आम्ही युनिकोडकडे वळलो. देवनागरी त्यात १९९१ पासून होतीच. तरी जुन्या संगणकांवर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे, जोडाक्षरे सुटी होत. 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह २००८ मध्ये आले. जुन्या फॉन्टांत त्याच्या जागी रिकामी चौकट दिसे. पण हा बिघाड दिसण्यातला होता, असण्यातला नव्हता. संगणक सुधारला की तेच पान न बदलता शुद्ध दिसू लागे.

आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, १२९० मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी १५८४ मध्ये शुद्ध केली. प्रतींत अपपाठ शिरले होते. परंतु मूळ पाठ त्यांत शिल्लक होता, म्हणूनच शुद्धी शक्य झाली.

आता आम्ही आधी नुसता मजकूर लिहितो: शीर्षक, परिच्छेद, दुवे. रंग आणि मांडणी मागाहून. न कळलेली खूण ब्राउझर सोडून देतो आणि आतला मजकूर दाखवतो, हा एचटीएमएलचा मूळ शिरस्ता. म्हणून तर सर्नमधले वेबचे आरंभीचे पान आजच्या ब्राउझरातही वाचता येते.

आमचे ते देखणे पान मात्र नाही. २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला. त्यानंतर एकदा जुनी फाइल उघडून पाहिली, तर पडद्यावर तीच खिचडी. तिसगावच्या त्या मुलीने दाखवलेला कागद सतरा वर्षांनी आमच्याच पुढ्यात आला होता.