वाट पाहण्याचं वय

गावात निवडणुकीचं वारं शिरलं की आधी आवाज बदलतो. रिक्षांवरचे भोंगे, चौकातल्या सभा, अर्ज भरायला निघालेल्या मिरवणुकीपुढचा डीजे आणि निकालाच्या दुपारी फटाक्यांच्या माळा. बहुतेकांना हा चार दिवसांचा गलबला वाटतो. माझ्या भाच्याच्या मात्र तो अंगावर येतो. भाचा स्वमग्न आहे. डीजेचा दणका सुरू झाला की दोन्ही कानांवर तळवे दाबून तो पलंग आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत शिरतो आणि एकाच सुरात लांबलचक हुंकार देत राहतो. बहीण खिडक्या लावून घेते, पडदे ओढते, त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहते. त्याला हात लावायचा नसतो, हे तिला कळायला बराच काळ गेला होता.

ज्या कानांना तो दणका सोसत नाही, तेच कान वळणापलीकडची एसटी ओळखतात. गाडी दिसायच्या आधी तो दारात येऊन उभा राहिलेला असतो. जिन्यावर कोण चढतंय, हे त्याला पावलांवरून कळतं. घरचं माणूस असेल तर तो दोन्ही हात पंखांसारखे हलवत टाचांवर उड्या मारतो. एवढा निर्भेळ आनंद मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. हे मूल स्वतःच्या जगात हरवलेलं आहे असं लोक म्हणतात तेव्हा मला वाटतं, ते आपल्याच जगात आहे. फक्त हे जग त्याच्यापर्यंत फार मोठ्यानं आणि फार एकदम पोहोचतं. कुणीतरी शिकलेल्या हातानं ते त्याला थोडं थोडं उलगडून द्यायला हवं.

तो शिकलेला हात कुठे मिळतो, ही खरी गोष्ट आहे. दोन वर्षांचा असताना त्याच्याकडे पाच-सहा शब्द होते, ते हळूहळू मावळले. हाक मारली तरी वळून बघेना. घरातली वडीलधारी म्हणाली, मुलगे उशिराच बोलतात. शेजारणी म्हणाल्या, मोबाइल काढून घ्या. निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी स्पीच थेरपी आणि ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, लगेच सुरू करा, असं सांगितलं. या वयात मेंदू सर्वांत वेगानं घडत असतो, म्हणून लगेच. बहीण आणि मेहुणे सरकारी दवाखान्यात गेले, तिथे उत्तर मिळालं की पद रिक्त आहे, पुढच्या महिन्यात चौकशी करा. पुढच्या महिन्यातही पद रिक्तच होतं. खासगी थेरपी जवळच्या शहरात, तासाला शेकड्यांनी रुपये, आणि जायला-यायला एसटीचा सबंध दिवस. बहिणीनं नोकरी सोडली. आठवड्यातून दोन दिवस जाणं-येणं सुरू झालं, तेही जमेल तेव्हा.

कागदावर मात्र या मुलांसाठी बरंच काही आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासायची आणि ज्यांची वाढ मागे पडते त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं, अशी त्याची आखणी आहे. तपासायच्या यादीत स्वमग्नताही आहे. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेला जागा नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं ती दिली, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिची नोंद केली. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, अशा किती विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हवा हे ठरवा आणि त्या प्रमाणात कायम पदं निर्माण करा. मार्च 2025 मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावं लागलं की, आधी ही पदं मंजूर करून जाहीर तरी करा. मधे जवळजवळ साडेतीन वर्षं गेली. निकालाच्या दिवशी पहिलीत असलेलं मूल तोवर चौथीत पोहोचलं होतं.

माझा सगळा संताप या मधल्या वर्षांवर आहे. सरकारी नोकराचा महागाई भत्ता उशिरा मंजूर झाला तर मागच्या महिन्यांची थकबाकी हातात पडते. बालपणाची थकबाकी मिळत नाही. मूल सहाव्या वर्षीही शिकतं, सोळाव्या वर्षीही शिकतं. त्याला कधीही उशीर झाला असं म्हणायचं नसतं. पण तिसऱ्या वर्षी मागायला शिकलं असतं ते मूल सहाव्या वर्षापर्यंत मागता येत नाही म्हणून डोकं आपटत राहतं, आणि मधल्या तीन वर्षांतलं त्याचं आणि त्याच्या आईचं दुःख कुठल्याच खात्यात भरून निघत नाही. फाइल टेबलावर थांबली तर ती तशीच राहते. मूल तसंच राहत नाही.

पैसा नाही, असं मला कुणी सांगू नये. आमच्या तालुक्यात स्वागतकमानी उभ्या राहिल्या, चौकांचं सुशोभीकरण झालं, एकच रस्ता दोनदा खणून पुन्हा केला गेला. नेत्यांच्या वाढदिवसांचे फलक शाळेच्या भिंतीहून उंच लागतात. महाराष्ट्रात नगरपालिकांपासून ग्रामपंचायतींपर्यंत सगळ्यांनी पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. राज्यात 2022 पासून दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही आहे. 2 एप्रिलला, जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनी, मोठ्या इमारतींवर निळी रोषणाई होते. तरीही तालुक्याच्या ठिकाणी एका स्पीच थेरपिस्टची खुर्ची भरत नाही. थेरपिस्टच्या नेमणुकीला कोनशिला लागत नाही. पाच वर्षांचं मूल पहिल्यांदा बोटानं पाणी दाखवतं, त्या क्षणाचा नारळ कुणाला फोडता येत नाही. आणि ही घरं एका वाडीत, एका प्रभागात एकवटलेली नसतात. गल्लीत एखादं, गावात तीन-चार. त्यांचा गठ्ठा होत नाही, म्हणून मतांच्या हिशेबात ती दिसत नाहीत.

या घरांनी वाट पाहणं सोडून स्वतःच कितीतरी उभं केलं आहे. दिल्लीत 1991 मध्ये ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था एका आईच्या पुढाकारानं सुरू झाली. मुंबईत फोरम फॉर ऑटिझम पालकांनीच घडवलं. राज्यात ठिकठिकाणी लहानलहान वर्ग असे आया-बापांनी घरच्या खोलीत सुरू केलेले आढळतात. मला त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात, आणि त्याच वेळी विचारावंसं वाटतं की, रस्त्यासाठी, पाण्यासाठी कुणा आईला स्वतः संस्था काढावी लागते का?

या सगळ्या आयांच्या मनात एक प्रश्न असतो, आणि तो त्या रात्री, मूल झोपल्यावर बोलतात: आमच्यानंतर याचं कोण? राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व नेमून घेण्याची सोय आहे. पण पालक नेमला म्हणजे घर मिळालं असं नाही. पन्नाशीतला स्वमग्न माणूस आईबाप गेल्यावर कुठे राहील, त्याच्या कानांना सोसेल अशी खोली कुठे असेल, तो घाबरला तर त्याला हात न लावता शेजारी कोण बसेल? राजकारणाची नजर पुढच्या निवडणुकीपर्यंत पोहोचते. या आयांना स्वतःच्या मरणापलीकडचं बघावं लागतं.

आणि आपणही, ज्यांच्या घरी असं मूल नाही ते, या प्रश्नात आहोत. सभेत आपण गटारी मागितल्या, दिवे मागितले. या मुलांसाठी काही मागणं मलाही भाच्यामुळेच सुचलं. पण आपल्या घरचं मूल नसेल त्याच्यासाठी मागणं, यालाच तर नागरिक असणं म्हणायचं. म्हणून मतं मागायला आलेल्या प्रत्येकाला तुम्हीही विचारा: पाच टक्क्यांचा निधी गेल्या वर्षी कशावर खर्च झाला? शाळेत विशेष शिक्षक कधी येणार? दवाखान्यातली ती खुर्ची कोणत्या तारखेला भरणार? तारीख सांगता आली पाहिजे. कारण, त्यांना सांगा, आज तीन वर्षांचं असलेलं मूल तुमच्या पुढच्या प्रचाराला आठ वर्षांचं झालेलं असेल, आणि ती पाच वर्षं त्याची होती, तुमची नव्हती.